बेड नंबर सातचे स्नॅपशॉट

केळापूरला जाऊन जागा रिकामी करून यायची, एवढंच त्या दिवशी माझं काम होतं. असं म्हटलं की लोकांना वाटतं, मी कुणाचं तरी बिऱ्हाड उठवायला निघाले. माझी याडी, म्हणजे आई, अजूनही विचारते की त्या लोखंडी डब्यांत तू रोज भरतेस काय आणि काढतेस काय. मी बबिता राठोड, महागावकडच्या बंजारा तांड्यावर वाढलेली. यवतमाळच्या एका रुग्णालयात सर्व्हर सांभाळते. हे काम नीट चाललं तर कुणाला दिसत नाही, आणि बिघडलं की शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना माझं नाव आठवतं.

मे महिना होता, पारा पंचेचाळीसवर. यवतमाळच्या सर्व्हर खोलीतला एसी तीन दिवसांपूर्वी बंद पडला होता, म्हणून रुग्णालयाचा सगळा कारभार आम्ही केळापूरच्या खोलीवर वळवला होता. एवढं समजून घ्या, म्हणजे पुढे अडायचं नाही. रक्तपेढीचा, आयसीयूचा, डायलिसिसचा, असे रुग्णालयाचे सगळे संगणक खरं तर तीन मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालतात. त्यांची हुबेहूब कॉपी सत्तर किलोमीटरवर केळापूरला ठेवलेली असते. उद्या इकडे आग लागली तर तिकडून काम चालावं, म्हणून. दर पंधरा मिनिटांनी यातल्या प्रत्येक संगणकाचा, आमच्या भाषेत मशीनचा, एक स्नॅपशॉट निघतो. फोटोच समजा, फक्त हा फोटो मागच्या पंधरा मिनिटांत जेवढं बदललं तेवढंच साठवतो. काहीच बदललं नाही तर त्याचं वजन शून्य. जुने स्नॅपशॉट वेळेवर पुसले नाहीत तर साठा भरतो, आणि साठा भरला की सगळी मशीनं जागच्या जागी थिजतात.

सकाळी संजय सरांचा फोन आला. ते माझे साहेब.

"बबिता, केळापूरचं स्टोरेज ब्याण्णव टक्क्यावर गेलं. काल सत्तर होतं. कोनं खाल्लं एवढं?"

"इथूनच पाहतो सर."

"इथून लाइन टिकून नाही राह्यली, तू जायच. संध्याकाळी सहाले इकडचा एसी सुरू होते, मंग तिकडचं सगळं उलटं इकडं कॉपी करू. त्याच्या आधी भरलं तं आयसीयूचे स्क्रीन अडकतीन. अन् मंग मी तुले वाचवू शकत नाही."

मी पांढरकवड्याची बस धरली, केळापूर तिथूनच जवळ. खिडकीतून झळा येत होत्या. मला चोर सापडायच्या आधीच त्याचं नाव ठाऊक होतं, कारण तो मीच पाळलेला होता.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलात माझा बा, गुलाबसिंग राठोड, त्याच रुग्णालयाच्या कोरोना वॉर्डात होता. बेड नंबर सात. तिसऱ्या दिवशी दुपारी साठा असाच भरला. मी दोन मजले खाली सर्व्हर खोलीत जुने स्नॅपशॉट पुसत बसले होते. वॉर्डातून रंजिता सिस्टरचा फोन आला की बाबा तुला विचारतात. मी म्हटलं, दहा मिनिटं. पुन्हा फोन आला, मी म्हटलं, दहा मिनिटं. तिसऱ्यांदा सिस्टरनी फोन बाच्या कानाला लावला. तो मला काही बोलला, धापेमुळे नीट कळलं नाही, आणि मी त्यालाही तेच सांगितलं. साडेतीनला तो गेला. रुग्णालय वाचलं, मला शाबासकी मिळाली.

वॉर्ड बंद झाल्यावर त्याचं मशीनही बंद केलं. ते पुसून टाकायची चिठ्ठी माझ्याकडे आली होती. मी पुसलं नाही. त्या मशीनमध्ये बाचं नाव होतं, त्याच्या तीन दिवसांच्या नोंदी होत्या. मी ते कॉपीच्या यादीत ठेवलं आणि समोर खूण केली: कायम राखून ठेवा. बंद मशीनचे स्नॅपशॉट शून्य वजनाचे असतात, कुणाचं काय जातं? आमच्या धंद्यात यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

केळापूरच्या पुढे शेतात एक सिमेंटची बसकी इमारत आहे, तीच आमची कॉपीची जागा. दारात कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली भीमराजभाऊ. ते तिथले राखणदार. बा होता तेव्हा बेड नंबर आठवर हे होते. ते वाचले. बरे झाल्यावर रुग्णालयानेच त्यांना ही नोकरी दिली.

"जयभीम ताई. लय ऊन हाय, पयले पानी घ्या."

"जयभीम भाऊ. खोली थंड हाय नं?"

"थंड तं हाय..." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "पन तीन दिवसांपासून अंदर आवाज येऊन राह्यला. बुडबुड, बुडबुड. मले वाटलं एसीचं पानी साचलं असन. पाहलं, तं पाइप कोरडा ठनठनीत."

मी हसले. त्यांनी मला मडक्यातलं पाणी दिलं. मी कधीही गेले की ते असंच पाणी देतात, आणि मी पिईपर्यंत माझ्याकडे पाहत नाहीत. त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. त्या दुपारी तीनला वॉर्डात एकच भरलेलं सिलिंडर आलं होतं. रंजिता सिस्टर ते सात नंबरला लावायला निघाल्या, तर माझ्या बाने हाताने आठ नंबर दाखवला. "त्याची पोरगी लहान हाय म्हने," भीमराजभाऊ सांगत होते, "त्याले द्या. ताई, तुमच्या बाचाच श्वास घेऊन राह्यलो मी." त्यांची वैष्णवी तेव्हा चार वर्षांची होती. मी त्यांचा राग केला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे.

खोलीला खिडकी नाही. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत दार लोटलं की अंधार, फक्त सर्व्हरचे हिरवे दिवे. अंगावर शहारा येईल इतकी थंडी. पंख्यांचा एकसुरी आवाज होता आणि त्याच्या खाली, अगदी खाली, तो दुसरा. बुडबुड... बुडबुड... मी तो ओळखला, पण मनाला ओळखू दिलं नाही. ऑक्सिजनच्या नळीला पाण्याची बाटली लावतात ना, तिचा असाच आवाज येतो.

वासही होता. सॅनिटायझरचा, आणि त्यात मिसळलेला ओल्या चादरीचा.

दोन वाजले होते. मी यादी उघडली. रक्तपेढी ठीक, आयसीयू ठीक, डायलिसिस ठीक. सगळा साठा खाल्ला होता 'कोरोना वॉर्ड' या मशीनने. तीन दिवसांत दोनशे ऐंशीच्या वर स्नॅपशॉट, आणि एकेकाचं वजन बाकी सगळ्या मशीनांच्या स्नॅपशॉटपेक्षा जास्त. मी स्वतःशीच म्हटलं, सगळी मशीनं इकडे चालू करताना हेही चुकून चालू झालं असणार. तपासलं.

मशीन बंद होतं. पाच वर्षांत एकदाही चालू झालेलं नव्हतं.

बंद घरात कुणीतरी राहत असावं, तसं ते होतं. दर पंधरा मिनिटांनी आत काहीतरी बदलत होतं. पुसण्याआधी पाहून घ्यावं, म्हणून मी तीन दिवसांपूर्वीचा पहिला स्नॅपशॉट उघडला. आत वॉर्डाचा तक्ता होता. बेड नंबर, नाव, ऑक्सिजनचा आकडा, शेरा आणि नोंद करणाऱ्याचं नाव. बेड सात, गुलाबसिंग राठोड, दाखल. तारीख एकवीसच्या एप्रिलातली नव्हती. यंदाची होती, तीन दिवसांपूर्वीची. नोंद करणारी, रंजिता. रंजिता सिस्टर बा गेल्यावर एकवीस दिवसांनी त्याच वॉर्डात कोरोनानेच वारल्या होत्या.

मी पुढचे उघडत गेले. या नोंदी मला पाठ आहेत. पहिल्या रात्री ताप, दुसऱ्या दिवशी दोन घास खिचडी, तिसऱ्या दिवशी आकडा खाली. एकेक ओळ तीच, एकेक वेळ तीच. फक्त सगळं आज चाललं होतं, अडीचच्या स्नॅपशॉटमध्ये बा जिवंत होता आणि साडेतीनला तासभर बाकी होता.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला. इतका, की मी स्क्रीनवरच्या त्याच्या नावावर बोट टेकवलं.

तीनचा स्नॅपशॉट आला. मी उघडला.

*बेड ७: ऑक्सिजन ८४. नवीन सिलिंडर लावले.*
*बेड ८: ऑक्सिजन ८३. सिलिंडर उपलब्ध नाही.*

मी ते तीनदा वाचलं. असं झालं नव्हतं. सिलिंडर आठला लागलं होतं. या कॉपीत ते सातला लागलं.

साठा सत्त्याण्णववर होता. संजय सरांचा फोन आला. "बबिता, काय झालं? आयसीयूवाले बोंबलून राह्यले, स्क्रीन हळू झाला म्हनतात."

"सापडलं सर. दहा मिनिटं."

फोन ठेवला आणि आपण काय बोललो ते माझ्या लक्षात आलं.

सव्वातीन. बेड सात, अठ्ठ्याऐंशी. बेड आठ, एक्याऐंशी. दारावर टकटक झाली. भीमराजभाऊ होते. ते कधी आत येत नाहीत, पण आता चौकट धरून उभे होते.

"ताई... मले जरा अंदर बसू द्या नं. बाहेर हवाच नाही लागून राह्यली."

"काहून? काय होते?"

"काई नाही. उनाचं असन..."

ते दाराजवळच्या स्टुलावर बसले. छाती भात्यासारखी हलत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं, आणि मला कळलं. कळायला काही उरलंच नव्हतं. सहा वाजता इथलं सगळं यवतमाळला जाणार होतं. आमच्या कामात खरं काय, याचं उत्तर एकच असतं: जी बाजू शेवटी कॉपी होते ती खरी. इथे जे असेल ते तिकडे उमटणार, आणि तिकडचं जुनं पुसलं जाणार.

मला एक बटण दाबायचं होतं. तेवढं केलं की जागा रिकामी होणार, आयसीयू चालणार, भीमराजभाऊंचा श्वास परतणार. ते बटण दाबायला अर्धं मिनिट लागतं.

मी दाबलं नाही. मी साडेतीनच्या स्नॅपशॉटची वाट पाहिली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

साडेतीन ही बाची वेळ. मी स्नॅपशॉट उघडला. बेड सात, ब्याण्णव. बेड आठ, शहात्तर. बा साडेतीन ओलांडून पुढे आला होता. बुडबुड आता जोरात होती, माझ्या अगदी पाठीशी, आणि सॅनिटायझरच्या वासात आणखी एक वास मिसळला होता. तंबाखू आणि चुना. बाच्या सदऱ्याच्या खिशाला यायचा तो.

"ताई..." भीमराजभाऊंचे ओठ निळसर पडले होते. "मथुरेले... फोन लावता का? माह्या बायकोले..."

"लावतो भाऊ. थोडसं थांबा."

मी फोन लावला नाही. साठा अठ्ठ्याण्णव टक्के होता. मी मनात म्हणत होते, अजून एकच. एकच पाहते आणि दाबते. पंधरा मिनिटं तो माणूस माझ्यापासून पाच पावलांवर हवेसाठी तडफडत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून घड्याळ पाहत बसले. ज्याने मला दर वेळी पहिल्यांदा पाणी दिलं, त्याच्याकडे पाठ करून. राग केला नाही म्हणत होते ना मी? तो सगळा राग तिथे, माझ्या पाठीत बसला होता.

पावणेचार.

*बेड ७: ऑक्सिजन ९५. रुग्ण उठून बसला. मुलीला विचारतो आहे.*
*बेड ८: ऑक्सिजन ६८. नातेवाइकांना कळवावे.*

धाडकन आवाज झाला. भीमराजभाऊ स्टुलावरून खाली पडले होते. त्यांच्या खिशातली वैष्णवीच्या शाळेची पावती फरशीवरून सरकत माझ्या पायापर्यंत आली. इयत्ता चौथी.

"बा," मी मोठ्याने म्हणाले, "तूच दिलतं नं त्यांना. तूच..."

मी 'कायम राखून ठेवा'वरची खूण काढली, मशीन यादीतून काढलं आणि सगळे स्नॅपशॉट पुसायला लावले. यंत्राने विचारलं, नक्की का? हा प्रश्न ते प्रत्येकच वेळी विचारतं. मी होय दाबलं.

पुसणं जुन्यापासून सुरू होतं. बाचा पहिला दिवस गेला. दुसरा जायला लागला. मी भीमराजभाऊंना ओढत बाहेर कडुनिंबाखाली आणलं, एकशे आठला फोन केला, मथुराबाईंना फोन केला. त्या केळापुरातून अनवाणी धावत आल्या. मी आत गेले तेव्हा यादीत शेवटचा एकच स्नॅपशॉट उरला होता, पावणेचारचा. तो बराच वेळ हलला नाही. बुडबुड अगदी हळू झाली होती. मला वाटलं कुणीतरी माझ्या मागे उठून बसलंय आणि मी वळून पाहावं म्हणून थांबलंय. मी वळले नाही. वळले असते तर माझ्या हाताने ते थांबवलं असतं.

ओळ गेली. आवाज थांबला. साठा एकसष्ट टक्के.

संजय सरांचा फोन आला, "वा, बबिता! स्क्रीन एकदम फास्ट झाले." पुन्हा तीच शाबासकी.

रुग्णवाहिका आली तेव्हा भीमराजभाऊ उठून बसले होते, घामाने निथळत, पण श्वास सरळ. डॉक्टरांनी बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं. "पंच्याण्णव," ते म्हणाले. "उन्हाचा त्रास आहे. पाणी पाजत राहा, रात्री काही वाटलं तर आणा." आणि ते गेले. मी पंच्याण्णव हा आकडा मनात दोनदा म्हटला. मग म्हटलं, हा काय कुणाच्या नावावर लिहिलेला आकडा आहे का? निरोगी माणसाचा असतोच तेवढा.

मथुराबाई पदराने त्यांचं तोंड पुसत होत्या. ऊन कलतं झालं होतं. मी मडक्यातून पाणी काढलं आणि ह्या वेळी मी त्यांना दिलं. त्यांनी पेला घेतला, पण प्याले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी असं माझ्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं.

"बरं वाटते का भाऊ?"

त्यांनी ओठ हलवले. आवाज त्यांचाच होता, खोल, बसलेला.

"छोरी... दस मिनट वेगे?"

ही आमच्या तांड्यावरची बोली. पोरी, दहा मिनिटं झाली का? भीमराजभाऊंना तिचा एक शब्द येत नाही. आणि त्या दुपारी फोनवर बा धापा टाकत जे म्हणाला होता, जे मला पाच वर्षं उलगडलं नव्हतं, ते हेच होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"ताई, हे काय बोलून राह्यले हो?" मथुराबाईंनी घाबरून विचारलं. "कोनती भाषा हाय हे?"

"वेळ... वेळ विचारून राह्यले," मी म्हणाले.

त्यांना हायसं वाटलं. मोबाइलमध्ये पाहून त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. "सव्वापाच झाले जी. सव्वापाच."

पण त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. पाण्याचा पेला तसाच हातात धरून ते माझ्याकडेच पाहत राहिले.